गावातलं घर रंगवायचंय? डबा उघडण्याआधी हे वाचा

मी मूळची वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातली. नागपुरात इंटिरियर डिझाइन शिकले, काही वर्षं तिथलेच फ्लॅट सजवले आणि मग गावाकडची कामं घ्यायला लागले. कुठे जुनं मातीचं घर, कुठे अर्धं स्लॅबचं आणि अर्धं कवेलूचं (कौलारू), कुठे नुकतंच उभं राहिलेलं घरकुल. पहिलं काम माझ्या मावशीचंच होतं. शहरात करायचे तसंच तिथेही केलं: सगळ्या भिंतींना पुट्टी आणि वर मोतिया रंग. दिवाळीत घर उजळून निघालं. पुढच्या पोळ्यापर्यंत मागच्या खोलीतली पुट्टी पापडासारखी सुटली. मावशी मला एका शब्दाने बोलली नाही. रोज सकाळी सडा टाकायच्या आधी तो पांढरा चुरा तेवढा झाडून काढायची. तिचे पैसे पाण्यात गेले ते माझ्यामुळे, ही गोष्ट मी विसरलेले नाही. तुमचे तसे जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय.

## १. एक दिवस घराकडे नुसतं बघा

वही-पेन घ्या आणि सकाळी उजाडल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत घर कसं वापरलं जातं ते लिहून काढा. शेड कार्ड (रंगांच्या नमुन्यांचं कार्ड) अजिबात हातात घेऊ नका.

ऊन कोणत्या खिडकीतून कधी येतं? पाहुणे आले की कुठे बसतात? आपल्याकडे माणसं खाली सतरंजीवर बसतात आणि पाठ भिंतीला टेकवतात. डोक्याच्या तेलाचा डाग जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर पडतो, तो याच कारणाने. कोणत्या भिंतीवर पडतो ते बघून ठेवा. छपरीत (पुढच्या ओसरीत) मोटरसायकल आत घेताना हँडल कुठे घासतं, फरशी पुसताना पाणी कुठवर उडतं, कूलरचा झोत कोणत्या भिंतीवर आदळतो, हेही टिपा.

आणि वर्षाचाही विचार करा. कापूस कोणत्या खोलीत भरता? चांगला बाजारभाव मिळायची वाट बघत तो दोन-तीन महिने तिथेच राहतो, भिंतीला लागून पार छतापर्यंत. सोयाबीनची, तुरीची पोती कुठे लागतात? त्या खोलीला महागडा रंग लावणं म्हणजे पैसे वाया घालवणं. तिथे चुन्याचा स्वच्छ पोचारा द्या आणि वाचलेले पैसे बैठकीच्या खोलीसाठी ठेवा. कापसाच्या खोलीत उघडी वायर किंवा ढिला होल्डर असेल, तर रंगाच्या आधी त्याचं काम करून घ्या. ठिणगी पडली तर घरच जाईल.

माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ घरांत रंग आधी ठरलेला असतो आणि ही वही नसते. मी पहिल्या भेटीत वहीच मागते.

## २. मुहूर्त: दिवाळीच्या तोंडावर नको

हे ऐकून बरेच जण नाराज होतात, तरी सांगते. जून ते सप्टेंबर भिंतीने पाणी प्यायलेलं असतं. दसरा-दिवाळीपर्यंत ती वरून कोरडी दिसते, पण आत ओल असते. त्यावर प्लास्टिक पेंट चढवला की ओल आत कोंडते आणि मग फुगे येतात. शिवाय याच दिवसांत सोयाबीन निघतं, सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) होऊन कापूस वेचणीला लागतो आणि मजूर मिळत नाही. घाईत मिळेल त्या पेंटरच्या हातात घर द्यावं लागतं.

माझ्या मते सगळ्यांत चांगला काळ फेब्रुवारी ते मार्चचा मध्य. कापूस बहुतेक विकलेला असतो, खोल्या मोकळ्या असतात, भिंती खडखडीत वाळलेल्या असतात. एप्रिल-मे पुन्हा वाईट. पारा ४५ च्या वर गेला की उन्हातली भिंत तव्यासारखी तापते, रंग ब्रशखालीच सुकतो आणि पट्टे दिसतात. तेव्हाच करावं लागलं तर बाहेरच्या भिंती सकाळी नऊच्या आत किंवा उन्हं उतरल्यावर घ्या.

दिवाळीला घर उजळायला हवंच असेल तर छपरी, अंगणाची भिंत आणि तुळशीवृंदावन चुन्याने, गेरूने करा. ते काम घरच्या बाया एका दिवसात करतात.

नवं घर असेल तर पलस्तरावर निदान सात दिवस पाणी मारा आणि नंतर साधारण महिनाभर (२८ दिवस धरा) त्याला वाळू द्या. गृहप्रवेशाची तारीख ठरली म्हणून या महिन्यात काटछाट करू नका.

## ३. भिंत आजारी आहे का ते तपासा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या.

मातीची की सिमेंटची? मातीची भिंत श्वास घेते. आतली ओल तिला बाहेर टाकावी लागते. तिच्यावर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट लावला तर माझ्या मावशीच्या घरी झालं तेच होणार. मातीच्या भिंतीला पांढरी माती, चुना किंवा गेरू लावा. चुन्यात थोडी पिवडी (पिवळी माती) किंवा स्टेनर (रंगाचा अर्क) घालून हलका पिवळा, फिका निळा सहज मिळतो. पेंटर म्हणेल, "ताई, पुट्टी मारली का दहा साल पाहाचं काम नाही." त्याचं ऐकू नका.

ओल. दीड बाय दीड फुटाचा प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावा आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवा. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर ओल भिंतीतच आहे. जमिनीपासून दोन-तीन फूट पांढरा खार सुटला असेल, म्हणजे लोणा लागला असेल, तर ओल पायातून वर चढतेय. त्यावर वॉटरप्रूफ रंग लावणं हा सर्वांत नेहमीचा सापळा. ओल थांबत नाही, ती अजून वर सरकून निघते. आधी कारण शोधा. न्हाणीचं पाणी भिंतीलगत मुरतंय का? पत्र्याची वळचण थेट पायाशी गळतेय का? सडा टाकताना उरलेली बादली रोज त्याच कोपऱ्यात रिकामी होते का? घराभोवती अडीच-तीन फुटांचा, बाहेरच्या बाजूला उतार असलेला सिमेंटचा पट्टा केला तर खूप फरक पडतो. लोणा खरवडा, तारेच्या ब्रशने झाडा, सुटलेलं पलस्तर काढा आणि तो भाग एक उन्हाळा उघडा राहू द्या.

भेगा. आपली जमीन काळी कसदार. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. घराच्या पायाखालीही तीच माती आहे. म्हणून खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघणारी भेग मे महिन्यात उघडते आणि ऑगस्टमध्ये मिटल्यासारखी दिसते. एका काकाजींनी मला सांगितलं, "हे त् दर सालचंच हाये, बाई. दर दिवाईले भरतो, दर उन्हाळ्यात उघडते." ते भरत होते सिमेंटने, आणि कडक सिमेंट हलत्या भेगेत टिकत नाही.

भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. मधे भेगेवर आडवी पांढऱ्या सिमेंटची बोटभर पट्टी लावा. काही महिन्यांत पट्टी तडकली तर भेग जिवंत आहे. अशी भेग V आकारात थोडी खोदून लवचीक क्रॅक-फिलरने भरा. भेगेत बोट शिरत असेल किंवा आरपार उजेड दिसत असेल तर पेंटरला नव्हे, इंजिनिअरला बोलवा.

जुना ऑइल पेंट. जुन्या दारं-खिडक्यांवरच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता मोठी असते. आता घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नसावं असा नियम आहे, पण तो लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचा रंग कोरडा घासू नका. पाणी मारून घासा, तोंडाला धुळीचा चांगला मास्क लावा, लहान लेकरं आणि पोटुशी बाई त्या दिवशी घरात नको. चुरा अंगणात झाडून सोडू नका, कोंबड्या तो टिपतात.

धूर. चुलीच्या किंवा फोडणीच्या काजळीवर थेट रंग मारला तर महिन्याभरात पिवळे डाग वर येतात. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने भिंत घासून धुवा, वाळू द्या, ऑइल प्रायमरचा एक हात द्या, मग रंग.

## ४. मोजमाप

खोलीची लांबी आणि रुंदी मिळवा, दुप्पट करा, उंचीने गुणा. १० बाय १२ ची, १० फूट उंचीची खोली: (१० + १२) × २ × १० = ४४० चौरस फूट. त्यातून ७ बाय ३ चं दार आणि ४ बाय ४ ची खिडकी वजा केली की उरतात ४०३. गुळगुळीत भिंतीवर साधा इमल्शन रंग दोन हातांत लिटरमागे साधारण १०० ते १४० चौरस फूट जातो. म्हणजे भिंतींना चार लिटर पुरतो. छताचे १२० चौरस फूट वेगळे. खरबरीत पलस्तर जास्त पितं.

## ५. आता रंग

शेड कार्डावर शेकडो चौकोन असतात आणि सगळेच छान दिसतात. म्हणून मी घरच्यांना आधी बाहेर घेऊन जाते. जवसाच्या फुलाचा निळा. अंबाडीच्या फुलाचा फिका पिवळा आणि पोटातला गडद लाल. वाळलेल्या तुरकाठीचा रंग. फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा रस्त्याच्या कडेला पेटलेला केशरी. हे रंग आपल्या डोळ्यांना जन्मापासून ओळखीचे आहेत, त्यामुळे घरात आले की परके वाटत नाहीत. काय आवडलं ते सांगायला शब्दही आपले मिळतात. "बेज" म्हटलं की कुणाला कळत नाही, "गव्हाळ" म्हटलं की आजीही मान डोलावते.

पण पळसाचा केशरी चार भिंतींना लावायचा नसतो. भरउन्हात तीन वाजता अशा खोलीत बसून बघा, डोकं भणभणतं. आपल्याकडे उन्हाचे चार महिने जड असतात, म्हणून मोठ्या भिंती फिक्या आणि किंचित थंड ठेवा: फिका जवसनिळा, पिस्ता, ताकासारखा पांढरा. पश्चिमेची भिंत तापते आणि संध्याकाळचं ऊन पिवळं असतं, तिथे पिवळे-केशरी टाळा. उत्तरेकडच्या खोलीत उजेड निळसर आणि मंद, तिथे गव्हाळ, बदामी किंवा अंबाडीचा पिवळा शोभतो. पळस हवाच असेल तर दाराच्या चौकटीला, कोनाड्याच्या आत, नाहीतर बंगईच्या (झोपाळ्याच्या) पाटाला द्या. थोडासाच असला की नजर तिथे पुन्हा पुन्हा जाते.

खालचा पट्टा. जुन्या घरांत भिंतीच्या खाली गेरूचा पट्टा असायचा. तो शोभेपुरता नव्हता, तेलाचे, पाण्याचे, पायांचे डाग तो झाकायचा. मी आजही साडेतीन फुटांपर्यंत गडद पट्टा घेते: विटकरी, शेवाळी किंवा मातकट. भिंत कोरडी असेल तर तिथे धुता येणारा रंग. ओल असेल तर ऑइल पेंट नको, त्याऐवजी बुरुडाकडून बांबूची चटई विणून घ्या आणि लाकडी पट्टीवर ठोका. मागून हवा खेळते, पाठीला गार लागतं, खराब झाली की बदलता येते.

कूलरची खिडकी. तिच्या भोवती दोन फूट आतल्या बाजूनेही बाहेरचाच रंग, म्हणजे एक्स्टिरियर इमल्शन, लावा. कूलर भिंतीला चिकटवू नका, चार-पाच इंच सोडा. समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवा. दमट हवेला जायला वाट नसेल तर कोणताही रंग काळा पडतो, आणि गारवाही लागत नाही.

घरकुल. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या ग्रामीण घराचं किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट. एवढ्या जागेत प्रत्येक भिंत वेगळ्या रंगाची केली की घर तुकड्यांत कापल्यासारखं दिसतं. सगळीकडे एकच फिका रंग, छत पांढरं आणि दाराला एक ठसठशीत रंग एवढं पुरतं. तपासणीचे आणि हप्त्याचे फोटो व्हायचे असतील तर ते आधी होऊ द्या.

छत. स्लॅबवर चुन्याचे दोन हात मारले की खालची खोली खरोखर कमी तापते. चुनकळी रात्रभर भिजवा, गाळून घ्या, पकड यावी म्हणून थोडा डिंक किंवा फेव्हिकॉल घाला. डोळ्यांत उडू देऊ नका, चुना डोळा जाळतो. टिनावर पांढरा रंग चालतो, आणि खालून बांबूच्या ताट्या मधे हवा सोडून बांधल्या तर अजून बरं. धान्य असलेल्या खोलीत बंद फॉल्स सीलिंग करू नका. वर उंदीर होतात आणि उंदरामागे साप येतो.

नमुना लावूनच बघा. कार्डावरचा फिका रंग चार भिंतींवर गडद होतो. छोटा डबा आणून दोन वेगळ्या भिंतींवर दोन-दोन फुटांचे चौकोन रंगवा. सकाळी, भरदुपारी आणि रात्री दिव्यात बघा. गावात बहुतेक बल्ब पांढऱ्याफटक उजेडाचे, खोक्यावर ६५०० के लिहिलेले असतात. त्यात पिवळी भिंत हिरवट आणि माणसं आजारी दिसतात. बैठकीत एक बल्ब ३००० के चा, म्हणजे पिवळसर उजेडाचा, लावून बघा. तीच भिंत वेगळी दिसेल, खर्च एका बल्बचा. मोबाइलवरच्या फोटोवरून रंग ठरवू नका.

टेक्स्चर आणि उठावाची नक्षी सध्या फार खपवतात. आपल्याकडे तूर काढतानाचा भुसा, कापसाचे तंतू, रस्त्याची धूळ सगळं त्या खाचांत बसतं आणि निघत नाही. उठाव हवाच असेल तर एकदा सेवाग्रामला जाऊन गांधीजींची बापूकुटी बघा. माती, बांबू, कवेलू. भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननी मातीतच काढलेली ताडाची झाडं आहेत. रंगाचा डबा नाही, पण त्या भिंतीसमोर मी दर वेळी थांबते. तसं काम आपल्याकडच्या बायांच्या हातात आजही आहे, त्यांना विचारा.

## ६. सामान आणि बोली

लागणाऱ्या वस्तू: तारेचा ब्रश, खरवडायची पट्टी, पॉलिश पेपर (खरबरीत आणि बारीक), प्रायमर, क्रॅक-फिलर, गरजेपुरती पुट्टी, रोलर, चार इंची आणि दोन इंची ब्रश, चिकटपट्टी, जुनी धोतरं किंवा ताडपत्री, घोडी (उभं राहून रंगवायची शिडी).

कागदपत्रं फार नाहीत. नुसत्या रंगाला परवानगी लागत नाही. पण छपरी बंद करून खोली काढायची असेल तर आधी ग्रामपंचायतीत विचारा. पेंटरशी ठरलेलं मात्र वहीत लिहून दोघांची सही घ्या: दर चौरस फुटाला की ठोक, दारं-खिडक्या वजा होणार का, किती हात, पुट्टी घासणं धरलंय का, सामान कोणाचं. सामान शक्यतो तुम्ही आणा आणि पक्कं बिल घ्या. रंगाच्या काही डब्यांत पेंटरसाठी टोकन (कंपनीचं बक्षिसाचं कूपन) असतं, म्हणून तो एखाद्याच कंपनीचा आग्रह धरू शकतो. टोकन त्यालाच द्या, पण कोणता रंग हे तुम्ही ठरवा. एका खोलीचा सगळा रंग एकाच वेळी मिक्स करून घ्या, दुसऱ्या खेपेला छटा किंचित बदलते.

## ७. कामाचा क्रम

वायरिंग, मग दुरुस्ती, मग घासणं, प्रायमर, पुट्टी जिथे हवी तिथेच आणि पातळ, पुन्हा घासणं, पुन्हा प्रायमर, छत, भिंती, शेवटी दारं-खिडक्या. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या. सामान एका खोलीतून दुसरीत हलवत एकेक खोली घ्या. पूर्ण घर एकदम उघडं पाडलं की स्वयंपाकाचे हाल होतात आणि घरची बाई चार दिवसांत कंटाळून "कसंही उरका" म्हणते. तिथे काम बिघडतं.

सुरू करण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारा की कोणती गोष्ट पुसायची नाही. एका घरी बाहेरच्या भिंतीवर मुलाच्या लग्नात रंगवलेली नावं होती, वर गणपती, बाजूला केळीचे खांब. बारा वर्षं जुनी, उन्हाने फिकी झालेली. पेंटरने ब्रश बुडवला होता. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तेवढं राहू द्या." आम्ही त्याभोवती चार इंची गेरूची चौकट काढली आणि बाकीची भिंत रंगवली. आता त्या घरी येणारा प्रत्येक जण आधी तिथेच बघतो.

## ८. रंग वाळल्यावर

लगेच सगळं सामान परत कोंबू नका. आठ दिवस भिंती मोकळ्या राहू द्या. कोनाडे भरून टाकू नका, एकात दिवा आणि एकात रोजच्या किल्ल्या पुरे. देवघरात समईच्या मागे पितळी पत्रा किंवा एक टाइल लावा, तेल आणि काजळी पुसता येते. कॅलेंडरं एकाच खिळ्यावर. आजोबांची बाज जिथे होती तिथेच परत ठेवा. त्यांना तिथून फाटक दिसतं, आणि त्यांचा अर्धा दिवस त्यावर जातो.

उरलेला रंग अर्धा लिटर तरी बाजूला काढा. झाकण घट्ट लावून डबा थंड जागी, लेकरांच्या हाती न लागेल असा ठेवा. कंपनी, शेड नंबर, तारीख आणि कोणती खोली हे आलमारीच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. कागदावर लिहाल तर तो हरवतो. पुढच्या वर्षी पोती लावताना कोपरा खरवडला जाईल, तेव्हा दुकानात जाऊन "फिका निळा द्या" म्हणावं लागणार नाही.